आधी कोरडा आवाज ऐक

प्रिय दोस्ता,

तुझा रिमिक्स ऐकला. आधी हेडफोनवर, मग मोठ्या स्पीकरवर आणि शेवटी मुद्दाम फोनवर. किक, म्हणजे ड्रमचा तळाचा ठोका, दणदणीत झाली आहे, बेसलाइन लगेच पकड घेते, आणि दुसऱ्या ब्रेकनंतर, म्हणजे ठेका थांबतो त्या जागेनंतर, जो खरखरीत सिंथ आत घुसतो तो तर झकासच. पण गाणारी काय म्हणते आहे हे मला तिन्ही ठिकाणी धड कळलं नाही. मूळ गाणं आधी ऐकलेलं होतं म्हणून मी अंदाजाने शब्द लावत गेले. नवख्या माणसाला तेवढंही जमणार नाही.

तू विचारलं आहेस की हे ‘अजून डार्क’ कसं करता येईल. सोबतचा स्क्रीनशॉट पाहिला. व्होकलच्या, म्हणजे गळ्याच्या, ट्रॅकवर आवाज फाडणाऱ्या डिस्टॉर्शनची रांगच लागली आहे आणि तिच्या शेपटाला भलामोठा रिव्हर्ब, मोठ्या खोलीत घुमल्यासारखा. अरे, त्या आवाजाचा पार चुराडा केलास! म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे. सवडीने वाच.

मला म्हणायचंय ते एवढंच. या अंधाऱ्या, यंत्रांवर बनवलेल्या नाचाच्या संगीतात यंत्रं सगळ्यांजवळ तीच असतात. तीच ९०९ या ड्रम मशीनची किक, तीच सोळा पायऱ्यांची बेसलाइन, तेच उदास मायनर सूर. त्या सगळ्या सरंजामात हाडामांसाचं काही असेल तर तो आवाज. यंत्र दमत नाही, माणूस दमतो. या दोघांच्या झटापटीतून अंधार तयार होतो. आवाजातला माणूस पुसून टाकलास की झटापटच संपली, मागे नुसता गोंगाट उरतो. तेव्हा रिमिक्सला हात घालताना किक कुठली घ्यायची हे नंतर बघ. या आवाजाला यंत्रासमोर कुठे उभं करायचं, ते आधी ठरव.

जुनं ऐकताना लक्ष फक्त गळ्यावर ठेव, सिंथकडे जाऊ देऊ नकोस. जर्मनीतल्या डाफ या जोडीचं १९८१ चं ‘देर मुसोलिनी’ घे. सिक्वेन्सर, म्हणजे ठरलेले सूर क्रमाने वाजवणारं यंत्र, एकच घास घोळवत बसल्यासारखा फिरत राहतो, ड्रम मात्र रोबेर्ट ग्योर्ल हाताने वाजवतो, आणि गाबी देलगादो गातो कमी, हुकूम जास्त सोडतो. त्याचा श्वास ऐकू येतो, घाम जाणवतो. तिथे कसलाच राक्षसी इफेक्ट नाही, तरी गाणं अंगावर येतं.

मग बेल्जियमचे फ्रंट २४२. ‘इलेक्ट्रॉनिक बॉडी म्युझिक’ हे नाव त्यांनी १९८४ च्या ‘नो कॉमेंट’ या रेकॉर्डवर छापलं आणि पुढे त्याचंच ईबीएम झालं. त्यांचं १९८८ चं ‘हेडहंटर’ तू शंभरदा नाचला असशील, पण एकदा बसून ऐक. जाँ-लुक द मेयर ओरडत नाही. कडव्यांमध्ये तो एखादी सूचना वाचून दाखवल्यासारखा खालच्या पट्टीत, सपाट बोलतो, आणि कोरसमध्ये माणूस पकडायच्या पायऱ्या एक ते चार अशा मोजतो. भीती वाटते ती या शांतपणाची. प्रत्येक शब्द कळतो, म्हणूनच वाटते. त्यांनी स्वतःच या गाण्याच्या एकाहून जास्त आवृत्त्या काढल्या आणि त्यांना सॉफ्टवेअरसारखे नंबर दिले. पुढे १९९८ मध्ये इतरांनी केलेले रिमिक्स ‘हेडहंटर २०००’ या नावाने आले. एकाच गळ्याला वेगवेगळ्या लोकांनी कसं वागवलं हे शेजारी शेजारी ऐकायला याहून चांगलं सापडणं कठीण.

ओरडणारेही आहेत, नाही कसे? इंग्लंडच्या चेम्सफर्डमधून आलेल्या नित्झर एबचा डग्लस मॅकार्थी ‘जॉइन इन द चँट’मध्ये (१९८७) घसा फोडून ओरडतो. पण तो काय ओरडतो ते बघ. दोन-तीन शब्दांच्या घोषणा, आणि दोन घोषणांच्या मध्ये मोकळी जागा. त्या जागेत ड्रम मशीन उत्तर देतं. लांबलचक वाक्य ओरडून म्हटलं असतं तर तो सगळा जोर वाया गेला असता.

आता तू म्हणशील, मग स्किनी पपीचं काय? बरोबर आहे. व्हँकुव्हरच्या त्या मंडळींनी आवाजावर इतकी प्रक्रिया केली की कित्येकदा शब्द हाती लागत नाहीत. पण निवेक ओगर मुळात नटासारखा गातो. कुरकुर, घरघर, हुंदका, किंचाळी हे सगळं आधी त्याच्या गळ्यात घडतं, यंत्र त्याला नुसतं मोठं करतं. तुझ्या गाणाऱ्या बाईने तसं काही केलेलं नाही. ती एका दुरावलेल्या माणसाशी हळू आवाजात बोलते आहे. तिच्यावर ओगरची यंत्रं लावलीस तर ओगर मिळणार नाही, फक्त ती हरवेल. झालंय तेच.

आणि लायबाख विसरू नकोस. स्लोव्हेनियाच्या या गटाने १९८७ मध्ये ‘ओपस’ या ऑस्ट्रियन बँडचं मैदानात हात हलवत म्हणायचं गोडगोड पॉप गाणं उचललं, शब्द जवळपास तेच ठेवले, आणि ते मिलान फ्रासच्या खर्जातून लष्करी थाटात म्हणून घेतलं. आनंदाचं गाणं एकदम सभेतल्या भाषणासारखं वाटायला लागलं. काळोख आणण्यासाठी त्यांना नवे शब्द लिहावे लागले नाहीत. बोलणारा बदलला, बस. रिमिक्समध्ये तुला बोलणारा बदलता येत नाही, पण तो कोणत्या खोलीत, किती जवळून, कोणाशी बोलतोय हे सगळं तुझ्या हातात असतं. ही सत्ता थोडीथोडकी नाही.

आता थेट तुझ्या फाइलकडे येऊ.

मूळ गाणं १०४ बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १०४ ठेक्यांचं, आहे आणि तू रिमिक्स १२८ वर बांधलास. म्हणजे आवाज तेवीस टक्के घाईत पळवलास. सॉफ्टवेअर पट्टी न बदलता वेग वाढवून देतं हे खरं, पण फुकट देत नाही. स्वर आखडतात, कंप भराभरा व्हायला लागतो, श्वास तुटक येतात आणि जिवंत बाई घाबरलेल्या खेळण्यासारखी बोलू लागते. ते झाकायला मग तू डिस्टॉर्शन लावलंस, नाही का? मला तरी तसाच वास येतोय.

यावर दोन-तीन वाटा आहेत. वेगांचं गणित आधी मांडायचं. ६५ वर गायलेला आवाज १३० च्या गाण्यात न ताणता बसतो, ९० वर गायलेला १३५ मध्ये तीनास दोन या हिशेबाने बसतो. १०४ आणि १२८ मध्ये असं सोपं नातं नाही. मग दुसरी वाट: अजिबात ताणू नकोस. हिशेब करून बघ. एक बार म्हणजे चार ठेके. १०४ वर चार बारची ओळ म्हणायला साधारण सव्वानऊ सेकंद लागतात. १२८ वर पाच बार म्हणजे ९.३७५ सेकंद. म्हणजे तिची ओळ, तिच्या स्वतःच्या चालीत, तुझ्या पाच बारांत आरामात मावते. आठ बारांचा एक तुकडा धरलास तर ओळीनंतर तीन बार रिकामे राहतात. त्या तीन बारांत तुझा खरखरीत सिंथ येऊ दे! आत्ता तो आणि ती एकाच वेळी बोलतात आणि दोघंही वाया जातात.

अर्थात ओळ सरळ ठेवून दिली तर मधले शब्द ठेक्यावरून घसरतील. म्हणून ती श्वासांच्या जागी काप. प्रत्येक तुकड्यातला वजनदार शब्द शोध आणि तो ठेक्यावर बसव. बाकीचे शब्द इकडेतिकडे झाले तर होऊ देत. बोलणाऱ्या माणसाचे शब्द काही रुळावरून धावत नाहीत. खाली यंत्र काटेकोर आहे, वर माणूस किंचित सैल आहे, यातच मजा आहे. सगळा आवाज ठेक्याच्या आखीव रेषांना, ग्रिडला, चिकटवलास तर तोही यंत्रच होतो. कधी कधी तेच हवं असतं, मग खुशाल कर, पण ठरवून कर.

शब्द ठेक्यावर बसवणं म्हणजे काय, हे जरा जवळून बघू, कारण तुझ्या ट्रॅकमध्ये दर कोरसला आवाज मागे राहिल्यासारखा वाटतो आणि त्याचं कारण मला इथेच सापडलं. तू लाटेचं चित्र बघून तुकड्याची सुरुवात बरोब्बर बारच्या रेषेवर ठेवली आहेस. तुकडा सुरू होतो तो ‘स’ने. ‘स’ हा नुसता हवेचा फुत्कार, त्याची लांबी सहज शंभर मिलिसेकंदांच्या आसपास जाते. १२८ बीपीएमला सोळावा भाग असतो ११७ मिलिसेकंदांचा. म्हणजे किक पडली तेव्हा तिचा फुत्कार सुरू झाला, आणि खरा आवाज, तो स्वर, जवळजवळ एक सोळावा भाग उशिरा आला. कान ठेका धरतो तो स्वरावर. गाणारी माणसं हे न शिकता करतात: व्यंजन आधी टाकतात आणि स्वर ठेक्यावर उघडतात. तेव्हा तुकडा मागे ओढ, ‘स’ किकच्या आधी जाऊ दे आणि स्वर किकवर फुटू दे. ‘प’, ‘त’, ‘क’ अशी झटकन फुटणारी व्यंजनं असतील तर फारसं सरकवावं लागत नाही. ‘श’, ‘स’, ‘फ’ दिसले की सावध. एवढंच करून पुन्हा ऐक, आवाज अचानक जागा झाल्यासारखा वाटेल. कुठलाही प्लगइन हे तुझ्यासाठी करणार नाही, कानाने ऐकूनच करावं लागतं.

डिस्टॉर्शन. मी त्याच्या विरोधात आहे असं समजू नकोस, मला ते फार आवडतं. फक्त ते आत काय करतं ते माहीत हवं. ते लाटेची टोकं चेपतं आणि नवे वरचे सूर तयार करतं. टोकं चेपली की दबलेलं सगळं वर येतं: श्वास, खोलीचा घूं आवाज, आणि ‘स’ ‘श’ची करवत. शिवाय स्वरांचे नवे सूर व्यंजनांच्या जागेवर पसरतात, आणि शब्द कळतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे. म्हणून डिस्टॉर्शनच्या आधी डी-एसर, म्हणजे ‘स’ ‘श’ची धार दाबणारं साधन, लाव, नंतर नाही. त्याच्याही आधी शंभर हर्ट्झच्या खालचं कापून टाक, नाहीतर मायक्रोफोनवरची धडधडही चावऱ्या आवाजात बाहेर येईल. डिस्टॉर्शननंतर वरचं टोक सहा-सात किलोहर्ट्झपाशी गोल कर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळं वेगळ्या ट्रॅकवर कर. स्वच्छ आवाज आपल्या जागी राहू दे, मळका आवाज त्याच्या खाली हळूहळू वर आण. जाणवला पण दिसला नाही, तिथे थांब. कोरसमध्ये थोडा वाढव.

मेगाफोनसारखा, वायरलेसवरून आल्यासारखा आवाज हवा असेल तर डिस्टॉर्शनपेक्षा फिल्टर जास्त कामाचा. जुन्या टेलिफोनवरून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जायचं, तरी लोक एकमेकांचं बोलणं समजून घ्यायचे, भांडायचे, रडायचे. आवाजाचा तेवढाच पट्टा ठेवलास तर तो बारीक होतो, किक आणि बेसला भरपूर जागा मिळते आणि शब्द शाबूत राहतात. कडवं असं ठेवून कोरसला पूर्ण आवाज उघडलास तर ते उघडणंच तुझा ड्रॉप, म्हणजे गाणं पूर्ण जोराने कोसळतं तो क्षण, ठरतं.

व्होकोडरबद्दल, म्हणजे बोलणं यंत्रासारखं करणाऱ्या उपकरणाबद्दल, तू विचारलं होतंस. वापर, पण त्याचा जन्म संगीतासाठी झालेला नाही एवढं लक्षात असू दे. होमर डडली या अभियंत्याने अमेरिकेतल्या बेल लॅब्स या प्रयोगशाळेत १९३० च्या दशकात तो बनवला तो बोलणं कमी जागेत तारेवरून पाठवता यावं म्हणून. दुसऱ्या महायुद्धात त्याच तंत्रावर दोस्त राष्ट्रांची गुप्त संभाषणाची यंत्रणा उभी राहिली. म्हणजे शब्द पोचवणं हे त्याचं मूळ काम. आणि तो शब्द पोचवतो तेव्हाच चांगला वाजतो. त्याच्या आत जाणारा आवाज सुस्पष्ट, सपाट आणि जरा अतिशयोक्त उच्चारांचा असावा लागतो. तुझ्या गाणारीच्या कुजबुजीतून नुसती वाफ बाहेर पडेल. तो काढून टाक.

रिव्हर्बचं उलट आहे. तू सगळ्या शब्दांना सारखाच रिव्हर्ब दिलास, त्यामुळे ती बाई विहिरीच्या तळाशी जाऊन बसली. दूर असलेल्या माणसाची भीती वाटत नाही. कानाशी येऊन बोलणाऱ्याची वाटते. आवाज बहुतेक वेळ कोरडा ठेव आणि ओळीच्या शेवटच्या शब्दालाच एकदा डिले, म्हणजे जरा उशिराने येणारा पडसाद, दे. १२८ ला एका ठेक्याचा डिले ४६९ मिलिसेकंदांच्या आसपास, आणि लंगडत धावणारा हवा असेल तर पाऊण ठेक्याचा, साधारण ३५२. रिव्हर्ब हवाच असेल तर त्याच्यावर कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबणारं साधन, बसव आणि तो आवाजाच्याच इशाऱ्यावर दाबला जाईल असं कर. ती बोलते तोवर खोली गप्प, ती थांबली की खोली बोलू लागते. न्यूयॉर्कच्या ‘सुइसाइड’ या जोडीतल्या अ‍ॅलन व्हेगाने १९७७ च्या पहिल्याच अल्बमवर प्रतिध्वनी कसा वापरला ते ऐक. तिथे प्रतिध्वनी सजावटीला नाही, जणू तो माणूस स्वतःच्याच आवाजाला दचकतो आहे.

शब्द किती ठेवायचे? इथे रिमिक्सची खरी कसोटी लागते. तू पूर्ण गाणं ठेवलंस, पहिल्या कडव्यापासून शेवटापर्यंत. मग त्याला रिमिक्स कशाला म्हणायचं? जुन्या घराला नवा रंग दिलास, भिंत एकही हलली नाही. हे काम जिथून सुरू झालं तिथे बघ. जमैकाच्या किंग्स्टनमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला किंग टबी हा ध्वनितंत्रज्ञ तयार गाणी घेऊन त्यातला गळा काढून टाकायचा, आणि मध्येच एखादा शब्द प्रतिध्वनीत बुडवून परत सोडायचा. श्रोत्याला पूर्ण गाणं माहीत असायचं, म्हणून तो अर्धा शब्द पुरायचा. जवळपास त्याच दशकात न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टन नाचणाऱ्यांसाठी गाणी लांबवत होता, मधली वाद्यं उघडी पाडत होता. एकाने आवाज काढला, दुसऱ्याने आवाजाला वाट बघायला लावली. आजही दोनच हत्यारं आहेत.

अंधाऱ्या बाजूला याचा उत्तम नमुना म्हणजे इंग्लंडच्या कॉइल या गटाने केलेला, नाइन इंच नेल्स या अमेरिकन बँडच्या ‘क्लोजर’चा रिमिक्स. १९९५ च्या ‘सेव्हन’ या चित्रपटाच्या नामावलीला तोच वाजतो. नामावलीभर नुसता खडखडाट, खरवड, धडधड. मूळ गाण्याची एकच ओळ अगदी शेवटी येते. सगळं गाणं त्या एका ओळीसाठी राखून ठेवलंय. मूळ गाणं नाचायचं होतं, हे नाचायचं नाही. पण त्या ओळीचं वजन बघ काय वाढलं.

तुझ्या गाण्यातली ती एक ओळ कोणती, मला माहीत आहे. तुलाही माहीत असणार, कारण तू ती चारदा वाजवली आहेस. एकदाच वाजव. बाकी वेळ तिचे तुकडे वापर: पहिला श्वास, एखादं अर्धवट व्यंजन, एक लांबवलेला स्वर उलटा फिरवून किकच्या आधी. मग ब्रेकमध्ये किक थांबू दे, बेसही थांबू दे, आणि ओळ पूर्ण, कोरडी, मधोमध येऊ दे. पण पहिल्या मिनिटात तिचं तोंड उघडू देऊ नकोस. १२८ ला बत्तीस बार म्हणजे नेमका एक मिनिट. डीजे त्या मिनिटात आधीचं गाणं उतरवत असतो, आणि त्या गाण्यातही कोणीतरी गात असतं. दोन गळे एकमेकांवर चढले की नाचणारी माणसं पाणी प्यायला निघून जातात.

एक गोष्ट मला खटकते ती सांगून टाकते. या प्रकारच्या संगीतात बाईचा आवाज आला की तो उसासा म्हणून येतो, नाहीतर दूरवर आळवलेला एखादा स्वर म्हणून. सिंथच्या पॅडसारखा मागे पसरून द्यायचा. शब्द मात्र पुरुषाला. अ‍ॅन क्लार्क या इंग्रज कवयित्रीने १९८४ मध्ये ‘अवर डार्कनेस’मध्ये सिंथच्या धावत्या लयीवर नुसतं बोलून दाखवलं, न गाता, आणि ते आजही डान्स फ्लोअरवर चालतं. तुझ्याकडे अशी बोलणारी बाई आयती आली आहे आणि तू तिला धूर करून सोडलंस.

सुरांचं थोडक्यात. मूळ चाल मेजरमध्ये, म्हणजे प्रसन्न सुरांत, आहे म्हणून तू आवाजाची पट्टी तीन सुरांनी खाली ओढलीस. त्याने आवाज जाड आणि नकली झाला, चाल मात्र मेजरच राहिली. गळ्याला हात न लावता खालचा बेस बदल. ती सी मेजरमध्ये गाते आहे तर बेस ‘ए’वर बसव, गाणं लगेच मायनर वाटेल. त्याहून काळं हवं असेल तर ‘ई’वर अडून बस. तेच सूर, पण आता पाया ‘ई’ आणि त्याला चिकटून ‘एफ’. भैरवी थाटाचे स्वर म्हटलं तर तुला पटकन कळेल. तिने एकही सूर बदललेला नाही, तिच्या पायाखालची जमीन सरकली आहे. मात्र तिचा प्रत्येक लांब स्वर बेसशी ताडून बघ, एक-दोन ठिकाणी टोचेल. एखादं टोचणं ठेव, सगळी नको.

पुढे कधी स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करशील, करच, तर घसा ताणून किंचाळायच्या आधी हळू बोलून बघ. साधा डायनॅमिक मायक्रोफोन तोंडाशी चार बोटांवर, कॉम्प्रेसर घट्ट, आणि आवाज एवढा हळू की शेजारच्या खोलीत जाऊ नये. मिक्समध्ये तो मोठा केलास की मेंदू गोंधळतो: बोलणारा हळू बोलतोय, पण ऐकू येतोय किकपेक्षा जवळून. आणि ओरडायचंच असेल तर शिकून ओरड. घसा दुखायला लागला की त्या दिवसाचं काम संपलं. गळा नवीन विकत मिळत नाही.

सरावासाठी कोणाची परवानगी मागत बसायची गरज नाही असंही साहित्य आहे. नाइन इंच नेल्सने २००५ मध्ये ‘द हँड दॅट फीड्स’चे सुटे ट्रॅक लोकांना खेळायला खुले करून दिले, नंतर आणखीही दिले. अशा सुट्या ट्रॅकमधला एकटा गळा ऐकणं हीच मोठी शाळा आहे. किती श्वास ठेवले आहेत, किती ठिकाणी सूर जरासा हललेला तसाच सोडला आहे, दुसरा थर कुठे आत येतो. बाकी प्रसिद्ध करायचं असेल तर परवानगी लेखी हवी, आणि गाणं लिहिणाऱ्याचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, हे डोक्यात ठेव. चित्रपटातले संवाद कापून घालायची या संगीतातल्या मंडळींना जुनी खोड आहे. तू त्यात पडू नकोस. हक्काची भानगड आहेच, शिवाय दुसऱ्याने तयार केलेली भीती उसनी आणली की आपली तयार करायचा कंटाळा येतो.

मास्टरिंगची, म्हणजे गाण्यावरून शेवटचा हात फिरवायची, घाई नको. आत्ताच्या फाइलमध्ये आवाजाची उंची रोखणारा लिमिटर इतका आवळला आहेस की ब्रेक आणि ड्रॉप एकाच उंचीचे झाले आहेत. काढून टाक, सहा डेसिबल मोकळे ठेव.

आता काय करायचं ते सांगते. व्होकलवरचे सगळे इफेक्ट बंद कर. नवीन प्रोजेक्ट उघड, त्यात फक्त कोरडा आवाज टाक, मूळ वेगात. तो इतका ऐक की कुठे ती खरं बोलते आहे आणि कुठे नुसतं गाते आहे, हे तुला कळायला लागेल. मग किक दे. मग बेस. या तिघांवर गाणं उभं राहत नसेल तर चौथी गोष्ट आणू नकोस. उभं राहिलं तर तो सिंथ परत आण, त्या तीन बारांच्या जागेत.

मला तेवढ्या तिघांची फाइल पाठव, चोवीस बिट वेव्हमध्ये, नावात बीपीएम लिहून. ‘फायनल फायनल दोन’ असलं नाव दिसलं तर उघडणार नाही. आणि पाठवायच्या आधी गाणारीला ऐकव. तिने ‘मी इथे काय म्हणतेय?’ असं विचारलं तर मला पाठवायची घाई करू नकोस, तिच्याबरोबर बसून तो भाग पुन्हा काप.

ताई